घटक ४ : ज्वालामुखीय वायूंचा हवेतील प्रसार आणि त्याचे प्रतिमान

४.० उद्दिष्टे

ज्वालामुखीतून बाहेर पडलेला वायू कोणत्या दिशेने, किती दूर आणि किती तीव्रतेने जाईल हे कशावर ठरते, ते या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला सांगता यावे. एखाद्या साध्या उदाहरणात हवेतील वायूच्या प्रमाणाचा अंदाज कागदावर गणित करून काढता यावा. शिवाय असा अंदाज इतरत्र वाचनात आला, तर त्यातील कोणता आकडा भक्कम आहे आणि कोणता डळमळीत, हे ओळखता यावे. गणिताची भीती बाळगण्याचे कारण नाही. गुणाकार व भागाकार येत असला तरी पुरे.

४.१ प्रास्ताविक

८ जून १७८३ रोजी आइसलंडच्या दक्षिण भागात लाकी नावाच्या डोंगराजवळ जमीन दुभंगली. पुढील काही महिन्यांत भेगांची ही रांग सुमारे २७ किलोमीटर लांब झाली आणि तिच्यातून वाहणारा लाव्हा ७ फेब्रुवारी १७८४ रोजीच पूर्णपणे थांबला. त्या परिसरातील धर्मोपदेशक योन स्टेनग्रिमसन यांनी या काळाची तपशीलवार नोंद करून ठेवली आहे. लाव्हाने नद्यांची पात्रे भरली, शेते आणि घरे गिळली. तरीही त्या देशात जी मनुष्यहानी झाली, ती मुख्यतः लाव्हामुळे झालेली नाही. भेगांतून निघालेले गंधक व फ्लोरिनयुक्त वायू गवतावर उतरले; ते गवत खाऊन जनावरे रोगग्रस्त झाली. देशातील बहुतांश मेंढ्या आणि सुमारे निम्मी गुरे व घोडे दगावले, आणि त्यापाठोपाठ आलेल्या दुष्काळात लोकसंख्येचा जवळजवळ पाचवा हिस्सा नाहीसा झाला. आइसलंडच्या भाषेत या काळाला जे नाव आहे, त्याचा अर्थ साधारणपणे ‘धुरक्याचे हाल’ असा होतो. ते नाव वायूवरून पडले आहे, आगीवरून नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हे धुरके आइसलंडपुरते राहिले नाही. १७ जूनला ते प्रागमध्ये दिसले, १८ जूनला बर्लिनमध्ये, २० जूनला पॅरिसमध्ये आणि २३ जूनला ब्रिटनमध्ये. या चार तारखा नकाशासमोर बसून पुन्हा वाचा. आइसलंडहून ब्रिटन जवळ आहे आणि प्राग कितीतरी दूर. मग दूरच्या गावी वायू आधी आणि जवळच्या गावी नंतर कसा पोहोचला? या एका प्रश्नाचे उत्तर देता येणे म्हणजेच या घटकाचा विषय समजणे होय. ते उत्तर मिळविण्यासाठी आधी काही तयारी करावी लागेल.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ प्रतिमान म्हणजे हवेचा जमाखर्च

‘प्रतिमान’ हा शब्द भारदस्त वाटतो; पण येथे त्याचा अर्थ एक काटेकोर जमाखर्च एवढाच आहे. घरखर्चाच्या वहीत आले किती, गेले किती, उरले किती हे आपण मांडतो. वायूच्या बाबतीतही तेच मांडायचे असते. दर सेकंदाला किती वायू बाहेर पडतो आणि तो कोणत्या उंचीवर पोहोचतो, हा झाला जमेचा भाग. वारा त्याला कोठे नेतो आणि नेता नेता तो किती रुंद व उंच पसरतो, ही झाली त्याची वाटचाल. पावसाने, जमिनीने किंवा रासायनिक बदलाने त्यातला किती नाहीसा होतो, हा खर्च. उरलेला वायू विशिष्ट ठिकाणच्या हवेत किती दाटीने आहे, त्याला आपण ‘संहती’ म्हणू आणि ती एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम, अशी मोजू. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

हा हिशेब ठेवण्याच्या दोन रीती आहेत. गोदावरीच्या घाटावर पायरीवर उभे राहून समोरून किती दिवे वाहत गेले, हे मोजता येते. किंवा एका द्रोणातल्या दिव्यावर नजर ठेवून काठाकाठाने त्याच्याबरोबर चालत जाता येते. पहिल्या रीतीत सगळ्या हवेचे चौकोनी कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यातली आवकजावक मोजतात. दुसरीत वायूचे हजारो काल्पनिक कण सोडून प्रत्येकाचा प्रवास रेखाटतात. ब्रिटनच्या हवामान खात्याचे ‘नेम’ हे प्रतिमान १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर उभे राहिले. ते आणि अमेरिकेतील ‘हायस्प्लिट’ ही दोन्ही मुख्यतः दुसऱ्या रीतीने चालतात. कोणती रीत श्रेष्ठ, हा वाद येथे निरर्थक आहे. नदी तीच असते.

४.२.२ वाहणे आणि पसरणे

वीटभट्टीच्या धुराड्यातून निघालेला धूर पाहा. वारा त्याला पुढे ढकलतो, हे वाहणे. पण धूर दोरीसारखा बारीक राहत नाही. पुढे जाता जाता रुंदावतो, विरळ होतो, हे पसरणे. हवेत लहानमोठे भोवरे सतत फिरत असतात आणि तेच धुराला फाडून चोहीकडे नेतात. या अस्थिरतेला ‘संक्षोभ’ म्हणतात. धुराच्या पट्ट्याचा आडवा छेद घेतला, तर सरासरीने मधोमध संहती सर्वांत जास्त असते आणि कडांकडे ती घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे उतरत जाते. अनेक जुन्या व सोप्या प्रतिमानांचा पाया हा घंटावक्रच आहे.

पसरण्याचा वेग रोज सारखा नसतो. भर उन्हात जमीन तापते, गरम हवा वर उसळते, भोवरे मोठे होतात आणि धूर चटकन विरतो. याउलट थंडीतली पहाट आठवा. गावाबाहेर पेटवलेल्या शेकोटीचा धूर थोडा वर जातो आणि मग छपराएवढ्या उंचीवर आडवा पसरून तेथेच थबकतो. रात्रभर जमीन थंड झालेली असते, तिला लागून असलेली हवाही थंड व जड होते, आणि वर मात्र तुलनेने उबदार थर असतो. ही तापमानाची विपरीतता होय. उबदार थर झाकणासारखा बसतो आणि त्याखालचा धूर वर निसटू शकत नाही. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फ्रँक पास्क्विल यांनी १९६१ मध्ये वाऱ्याचा वेग, ऊन आणि ढग या साध्या निरीक्षणांवरून हवेच्या स्थिरतेचे वर्ग ठरविण्याची पद्धत मांडली. या पद्धतीत महागडे उपकरण लागत नाही. मला स्वतःला या शास्त्रातील ही सर्वांत लोकोपयोगी गोष्ट वाटते.

४.२.३ कागदावरचे एक गणित

आता खरे आकडे घेऊ. ऑगस्ट २०१४ च्या अखेरीस आइसलंडमध्ये बार्दारबुंगा या ज्वालामुखीच्या ईशान्येस होलुह्राउन नावाच्या ओसाड मैदानावर भेग पडली आणि २७ फेब्रुवारी २०१५ पर्यंत उद्रेक चालू राहिला. या सुमारे सहा महिन्यांत १ कोटी १० लाख टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला, असा अंदाज आहे. सहा महिन्यांचे सेकंद होतात साधारण १ कोटी ५६ लाख. भागाकार केला की दर सेकंदाला सुमारे ७०० किलो वायू, ही सरासरी मिळते. मायक्रोग्रॅममध्ये सांगायचे तर ७०,००० कोटी.

समजा, वारा सेकंदाला १० मीटर वेगाने वाहतो आहे, वायूचा पट्टा ५० किलोमीटर रुंद झाला आहे आणि जमिनीपासून १,००० मीटर उंचीपर्यंत तो सारखा मिसळला आहे. मग दर सेकंदाला त्या पट्ट्यातून जाणारी हवा = १० × ५०,००० × १,००० = ५० कोटी घनमीटर. म्हणून संहती = ७०,००० कोटी ÷ ५० कोटी = १,४०० मायक्रोग्रॅम. युरोपात आरोग्याच्या दृष्टीने तासाच्या सरासरीची जी मर्यादा मानतात, ती ३५० आहे. म्हणजे या हवेत मर्यादेच्या चौपट वायू झाला.

आता ज्वालामुखीला हात न लावता फक्त हवा बदलू. वारा मंदावून ५ मीटरवर आला, पट्टा २० किलोमीटरच रुंद राहिला आणि विपरीततेचे झाकण ३०० मीटरवर बसले. हवा = ५ × २०,००० × ३०० = ३ कोटी घनमीटर; संहती = ७०,००० ÷ ३, म्हणजे २३,००० हून अधिक. ज्वालामुखी तोच, वायूही तेवढाच, तरी आकडा सोळा-सतरा पट. हे केवळ कागदी खेळ नव्हेत. ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस भेगेपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील होप्न या बंदराच्या गावी २१,००० मायक्रोग्रॅमपर्यंत संहती मोजली गेली. आपल्या गणितातील रुंदी व उंची मी उदाहरणासाठी निवडल्या आहेत. ते गणित म्हणजे होप्नच्या त्या दिवसाचे स्पष्टीकरण नव्हे; पण असा आकडा अशक्य नाही, एवढे त्यावरून नक्की कळते. अशा वेळी लोकांना घरात थांबण्यास, खिडक्या लावून घेण्यास आणि बाहेरची हवा आत ओढणारी यंत्रणा बंद करण्यास सांगितले जाते. हा सल्ला आदल्या दिवशी द्यायचा असेल, तर उद्याचे झाकण किती उंचीवर बसेल हे आज सांगता आले पाहिजे. आइसलंडच्या हवामान खात्याने त्या काळात ‘कॅलपफ’ या प्रतिमानाच्या आधारे वायूच्या प्रसाराचे अंदाज दिले. त्यात वायू सलग पट्ट्याऐवजी एकामागून एक सुटणाऱ्या पुंजक्यांच्या रूपात धरतात, त्यामुळे वाटेत वारा फिरला तरी पुंजका त्याच्याबरोबर वळू शकतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
(अ) वरील दुसऱ्या उदाहरणात झाकण ३०० ऐवजी ६०० मीटरवर बसले, तर संहती किती होईल?
(आ) वाऱ्याचा वेग वाढला की जवळच्या गावातील संहती कमी होते. पण एखाद्या दूरच्या गावातील धोका वाढूही शकतो. कसा, ते आपल्या शब्दांत लिहा.

४.२.४ उंची : प्रागच्या कोड्याचे उत्तर

वरच्या गणितात वायू जमिनीलगतच्या थरात मिसळला, असे आपण गृहीत धरले. लाकीच्या बाबतीत ते चालणार नाही. तेथील उद्रेकाची पहिली आवर्तने इतकी जोरकस होती की तापलेल्या वायूचा स्तंभ ९ ते १३ किलोमीटर उंच गेला, असे अभ्यासक मानतात. एकूण सुमारे १२ कोटी २० लाख टन सल्फर डायऑक्साइडपैकी साडेनऊ कोटी टन या उंचीवर पोहोचला असावा, असा त्यांचा अंदाज आहे. हा तपांबराचा माथा आणि स्थितांबराचा तळ होय. येथे पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वाऱ्यांचा झोत वाहतो. जमिनीवरच्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

वायू या झोतात सापडला आणि ब्रिटनच्या डोक्यावरून किंवा उत्तरेकडून पुढे निघून गेला. त्या उन्हाळ्यात युरोपवर वायुभाराचे उच्च केंद्र ठाण मांडून होते. उच्च भाराच्या केंद्रात हवा वरून खाली उतरते आणि जमिनीजवळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बाहेर पसरते. वरून गेलेला वायू असा खंडाच्या मध्यभागी खाली उतरला आणि मग फिरत फिरत पश्चिमेकडे आला. ब्रिटनला तो आइसलंडच्या बाजूने आलाच नाही. तो पूर्वेकडून आला. नकाशावर आइसलंड ते ब्रिटन अशी सरळ रेघ ओढणाऱ्या कोणत्याही प्रतिमानाला हे कधीच सापडले नसते.

त्या वेळी अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून फ्रान्समध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी या धुरक्यामुळे सूर्यकिरण मंद झाल्याचे नोंदवले आणि १७८४ मध्ये त्याचा संबंध आइसलंडकडील ज्वालामुखीशी असू शकेल, असे सुचविले. उंचीवरील वाऱ्यांचे ज्ञान नसलेल्या काळात हा तर्क धाडसाचाच म्हटला पाहिजे.

४.२.५ वाटेत वायू तोच राहत नाही

सल्फर डायऑक्साइड हवेत फिरताना हळूहळू गंधकाम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांत रूपांतरित होतो. काही भाग पाऊस धुऊन नेतो, काही जमीन व झाडे शोषून घेतात. समजा, तपांबराच्या खालच्या भागात त्याचे सरासरी आयुष्य दोन दिवस आहे. तर दोन दिवसांनी मूळ वायूपैकी ३७ टक्के उरतो, चार दिवसांनी सुमारे १४ टक्के. सेकंदाला १० मीटर वाऱ्याने दोन दिवसांत १,७०० किलोमीटर अंतर तोडले जाते. म्हणूनच सप्टेंबर २०१४ च्या आरंभी होलुह्राउनपासून तेराशे-चौदाशे किलोमीटरवरील आयर्लंडमध्येही वाढलेला सल्फर डायऑक्साइड नोंदला गेला, यात नवल नाही.

पण ‘आयुष्य दोन दिवस’ हे गृहीतक ऋतूगणिक बदलते. रूपांतराला ऊन लागते. लाकीचा जोर उन्हाळ्यात होता, जेव्हा आइसलंडमध्ये रात्र जवळजवळ होतच नाही. होलुह्राउनचा बराच काळ अंधाऱ्या हिवाळ्यात गेला. हिवाळ्यात वायू वायूच राहिला. उन्हाळ्यात त्याचे धुरके झाले. शिवाय हिवाळी वादळांनी तो वरचेवर उधळून लावला. स्थितांबरात पाऊस नसल्याने हिशेब पुन्हा निराळा होतो आणि आयुष्य आठवड्यांवर जाते. जूनऐवजी डिसेंबरमध्ये फुटती, तर लाकीचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

४.२.६ जड वायूचा अपवाद

२१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री कॅमेरूनमधील न्योस सरोवरातून अचानक कार्बन डायऑक्साइडचा प्रचंड लोट बाहेर पडला. ज्वालामुखीच्या मुळातून झिरपणारा हा वायू सरोवराच्या तळाच्या पाण्यात वर्षानुवर्षे विरघळून साठला होता. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने वर गेला नाही, वाऱ्यावर विरलाही नाही. पाण्याच्या लोंढ्यासारखा दऱ्याखोऱ्यांतून उतरत गेला. सरोवरापासून २५ किलोमीटरपर्यंतची वस्ती त्यात सापडली आणि १,७०० हून अधिक माणसे गुदमरून मेली. उंच भागातले पुष्कळ लोक वाचले.

घंटावक्राचे प्रतिमान येथे निरुपयोगी ठरते, कारण त्यात जमिनीचा चढउतार नसतो आणि वायूचे स्वतःचे वजनही नसते. अशा वायूसाठी उथळ पाण्याच्या प्रवाहाची समीकरणे वापरावी लागतात आणि वाऱ्याच्या नोंदीपेक्षा दरीचा अचूक नकाशा मोलाचा ठरतो. न्योसच्या बाबतीत प्रतिमानापेक्षाही सरळ उपाय पुढे करण्यात आला : २००१ मध्ये सरोवरात उभा नळ सोडून तळाचा वायू थोडा थोडा बाहेर काढण्यास सुरुवात झाली.

४.२.७ जमेची बाजू कोणी मोजली?

आतापर्यंत आपण ‘इतके टन वायू बाहेर पडला’ असे निःशंकपणे म्हणत आलो. तो आकडा आला कोठून? आज तो प्रकाशावरून काढतात. सल्फर डायऑक्साइड सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचा ठरावीक भाग शोषतो. वायूच्या पट्ट्याखालून वाहन नेत आकाशातून येणारा प्रकाश मोजला की पट्ट्याच्या छेदातील वायू कळतो. त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणले की दर सेकंदाचा वायू मिळतो. उपग्रहही याच तत्त्वाने वरून पाहतात. पण हिवाळ्यात ऊन नाही, ढगांमागचे दिसत नाही, आणि गुणण्यासाठी वापरलेला वाऱ्याचा वेगही अंदाजाचाच असतो. म्हणून होलुह्राउनचा आकडा प्रत्यक्षात १ कोटी १० लाख टन, अधिक-उणे ५० लाख असा दिला जातो. आपल्या पहिल्या उदाहरणातील १,४०० या उत्तराचा खरा अर्थ मग ‘साडेसातशे ते दोन हजार यांच्या दरम्यान’ एवढाच उरतो.

लाकीच्या वेळी तर मोजणारे कोणीच नव्हते. तो आकडा दगडाने सांगितला. लाव्हातील स्फटिक वाढताना त्यांच्या पोटात शिलारसाचा एखादा थेंब अडकतो आणि काच होऊन बसतो. त्यातले गंधक निसटलेले नसते. हे गंधक आणि थिजलेल्या लाव्हातील उरलेले गंधक यांतील फरक काढून त्याला एकूण शिलारसाच्या वस्तुमानाने गुणतात. आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा पाषाणही प्रामुख्याने अशाच भेगी उद्रेकांचा आहे आणि त्याच्या लाव्हातून निघालेल्या गंधकाचा अंदाजही अभ्यासकांनी याच तऱ्हेने बांधला आहे.

तेव्हा प्रतिमानाचा कोणता दुवा कच्चा, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आपण काय विचारतो, त्यावर ते अवलंबून आहे. उद्या सकाळी शेजारच्या गावातली शाळा भरवावी की नाही, हा प्रश्न असेल तर हवेचा थर निर्णायक. परवा कोणत्या देशावर वायू असेल, हा प्रश्न असेल तर स्तंभाची उंची निर्णायक. सबंध वर्षात किती माणसांना अपाय होईल, असे विचारले तर एकूण वायूचे प्रमाण निर्णायक. रंगीत नकाशात हे तिन्ही प्रकारचे अज्ञान एकाच लाल रंगाखाली झाकले जाते. नकाशा वाचणाऱ्याची फसगत होते ती येथे.

४.२.८ लाकी पुन्हा फुटला तर

अॅन्या श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हाच प्रश्न प्रतिमानाला विचारला. लाकीएवढा वायू आजच्या वाऱ्यांत आणि आजच्या लोकसंख्येवर सोडला, तर पहिल्या वर्षी युरोपात हृदय व फुप्फुसांच्या विकारांनी होणारे जादा मृत्यू सुमारे १ लाख ४२ हजार येतात, असे त्यांचे उत्तर होते. वृत्तपत्री मथळ्याला हा आकडा पुरेसा आहे. मात्र त्यांनी त्यासोबत दिलेली मर्यादा ५२ हजार ते २ लाख २८ हजार अशी आहे. रुग्णालयात किती खाटा ठेवायच्या, श्वासाच्या विकाराची औषधे किती साठवायची, हे ठरविणाऱ्याला या दोन टोकांचा विचार मधल्या आकड्याइतकाच करावा लागतो. कारण ५२ हजारांच्या हिशेबाने केलेली तयारी २ लाख २८ हजारांना पुरणार नाही.

४.३ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील वीटभट्टी, गुऱ्हाळ किंवा चुलीचा धूर सलग सात दिवस, पहाटे आणि दुपारी अशा दोन वेळी पाहा. धूर किती उंच चढतो, कोठे आडवा होतो, किती अंतरावर दिसेनासा होतो, त्या वेळी आकाश, ऊन आणि वारा कसा होता, याची वहीत नोंद करा. सहा दिवसांच्या नोंदी झाल्यावर सातव्या दिवशीच्या पहाटेचा धूर कसा वागेल, हे आदल्या रात्रीच लिहून ठेवा आणि सकाळी ताडून पाहा. अंदाज चुकला, तर तो वाऱ्यामुळे, थरामुळे की धूरच कमी-जास्त निघाल्यामुळे, हे दहा ओळींत लिहा.